चाक, आस आणि मधली चकती

तालुक्याच्या गावी टायरच्या दुकानापुढे थोडा वेळ उभे राहिले, तर हल्ली एक गोष्ट नजरेत भरते. गाडीबरोबर कारखान्यातून आलेली पोलादी चाके उतरवायची आणि त्यांच्या जागी रुंद, चकचकीत, हलक्या धातूची चाके चढवायची, ही हौस आता शहरापुरती राहिलेली नाही. पण हौसेचे चाक दर वेळी गाडीला बसतेच असे नाही. कधी बोल्टांची छिद्रे जुळत नाहीत, कधी चाक आतल्या बाजूला घासते. मग दुकानदार फळीवरून ॲल्युमिनियमची एक जाड चकती काढतो, गाडीचा हब आणि नवे चाक यांच्यामध्ये ती बसवतो, आणि चाक बोटभर बाहेर येऊन फिरायला लागते. या चकतीला स्पेसर म्हणतात. तिच्यावर बोल्टांची दुसरीच मांडणी केलेली असली तर तिला ॲडॅप्टर म्हणतात.

आता या चकतीला कसला आलाय इतिहास, असे कुणी म्हणेल. माझा विषय इतिहास आहे, यंत्रविद्या नव्हे. पण चाक गाडीला कशाने धरून ठेवायचे हा प्रश्न चाकाइतकाच जुना आहे. चाकाच्या शोधाबद्दल आपण शाळेत पुष्कळ सांगतो. चाक आणि गाडी यांच्यामधल्या सांध्याबद्दल मात्र फारसे बोलत नाही. आणि प्रवाशाचा जीव असतो तो त्या सांध्यावर.

आपल्या बैलगाडीपासूनच सुरुवात करू. तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले लाकडी पाटे आणि त्यांवर तापवून चढवलेली लोखंडी धाव, असे हे जुन्या घडणीचे चाक. त्या गाडीचा आस फिरत नाही. तो गाडीलाच जखडलेला असतो आणि तुंबा त्याच्याभोवती फिरतो. चाक बाहेर निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला भोक पाडून त्यात खीळ घालतात. सगळी सुरक्षितता त्या खिळीची. ऋग्वेदात या खिळीला ‘आणि’ असा शब्द आहे. अक्ष, नाभि, अर, नेमि या चाकाच्या भागांबरोबर ती कवींना ठाऊक होती. आपला ‘आस’ हा त्या अक्षाचा वंशज आणि ‘आरा’ हा त्या अराचा. दशरथाच्या रथाची खीळ ऐन लढाईत निसटली आणि कैकेयीने तिथे आपला हात घातला, ही कथा कीर्तनांतून तुम्ही ऐकली असेल. लोकांनी ती इतकी आवडीने जतन केली, कारण खीळ गेली म्हणजे रथ गेला हे ऐकणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला माहीत होते.

या जुन्या व्यवस्थेत एक सोय होती. खीळ गाडीच्या बाहेरच्या अंगाला, डोळ्यांपुढे असे. गाडी जुंपण्यापूर्वी गाडीवान वंगण घालताना तिला हात लावून बघे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे ती लागणार आहे.

मोटारगाडी आली तेव्हा सुरुवातीला चाक काढण्याची कुणाला गरजच वाटत नव्हती. जर्मनीत मानहाइमच्या कार्ल बेंझने १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी गाडीचे एकस्व घेतले. तिची चाके सायकलीसारखी तारांची होती आणि त्यांच्यावर भरीव रबर होते. भरीव रबर फुटत नाही. भानगड सुरू झाली ती हवेच्या टायरने. फ्रान्समधल्या मिशलँ बंधूंनी १८९५ च्या पॅरिस–बोर्दो शर्यतीत हवेचे टायर लावलेली मोटार उतरवली. प्रवास मऊ झाला खरा, पण रस्ते घोड्यांचे होते आणि नालांचे खिळे जागोजाग पडलेले असत. टायर फुटण्याला मग सुमार उरला नाही. आणि चाक तर गाडीला कायमचे बसवलेले. मग मालकाने किंवा चालकाने रस्त्याच्या कडेला गुडघे टेकायचे, जागच्या जागी टायर उकलायचा, ट्यूब सांधायची, टायर पुन्हा चढवायचा आणि हातपंपाने हवा भरायची. पाऊस असो की चिखल, दुसरा इलाज नव्हता.

यावर पहिला चांगला तोडगा निघाला तो वेल्समधल्या लानेल्ली नावाच्या गावी. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर लोखंडी सामानाचा व्यापार करणारे डेव्हिस बंधू होते. त्यांतल्या टॉमस मॉरिस डेव्हिस यांनी १९०४ मध्ये एक युक्ती काढली. आऱ्या नसलेली एक नुसती धातूची कडी, तिच्यावर हवा भरून तयार ठेवलेला टायर आणि कडीला पकडी. टायर फुटला की गाडीचे चाक काढायचे नाही. त्याच्या बाहेरच्या अंगाला ही कडी लावायची, पकडी आवळायच्या आणि पुढे निघायचे. गल्लीच्या नावावरून तिला ‘स्टेपनी’ हे नाव पडले. तिचा धंदा थोड्याच वर्षांत देशोदेशी पसरला, आणि हिंदुस्थानातही ती आली. पुढे तशी कडी वापरातून गेली, पण शब्द राहिला. आज खेड्यातला ट्रकचा क्लीनरसुद्धा जादा चाकाला स्टेपनी म्हणतो. आणि ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलणारा माणूस त्यालाच ‘एस्टेपे’ म्हणतो. लानेल्लीच्या एका गल्लीचे नाव असे दोन खंडांत घरोघर पोचले.

मला या स्टेपनीचे महत्त्व शब्दापुरते वाटत नाही. गाडीच्या मूळ चाकाला बाहेरून दुसरे काहीतरी जोडायचे, भार मूळ जागेवरून बाहेर सरकवायचा आणि तो सांधा आवळणाऱ्याच्या हातावर सोपवायचा, ही सगळी कल्पना तिथे प्रथम मोठ्या प्रमाणावर बाजारात आली. गाडी ज्याने बनवली त्याचा या जोडकामाशी काही संबंध नव्हता. आजची चकती तिचीच दूरची नात म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच, की स्टेपनी संकटात लावायची आणि संकट टळले की काढायची वस्तू होती. तिच्यावर कुणी वर्षानुवर्षे हिंडावे असे तिच्या कर्त्यांनाही वाटले नसणार.

पुढची पायरी शर्यतींनी गाठली. १९०६ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये ल मां इथे पहिली ‘ग्रां प्री’ शर्यत झाली. दोन दिवस, सुमारे १,२३८ किलोमीटर, आणि नियम असा की गाडीला हात लावायचा तो फक्त चालकाने आणि त्याच्या शेजारी बसलेल्या मिस्त्रीने. कडाक्याचे ऊन होते. रस्त्याचे डांबर वितळले होते आणि टायर पटापट फाटत होते. बाकीचे लोक सुरीने टायर कापून काढून नवा चढवीत होते. त्यात पाव तास जाई. रेनॉ गाडीच्या मागच्या चाकांना मात्र मिशलँची सुटी होणारी कडी होती. आठ नट सोडले की टायरासकट कडी बाहेर, दुसरी आत. चार मिनिटांच्या आत काम फत्ते. या कडीने चाकाचे वजन वाढत होते आणि शर्यतीत गाडीच्या वजनाला मर्यादा होती, म्हणून काही स्पर्धकांना ती लावता आली नाही. फेरेन्स सिस हा हंगेरीत जन्मलेला चालक अर्ध्या तासाहून अधिक फरकाने जिंकला. त्याचा विजय इंजिनाइतकाच त्या आठ नटांचा होता.

आता गंमत बघा. कडी सुटी झाली, तशी पुढे सबंध चाकच सुटे करण्याची खटपट सुरू झाली. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ या सायकलीच्या कारखान्याने तारांचे असे चाक काढले, की ते हबवरच्या दात्यांवर सरकवायचे आणि मध्ये एकच मोठा नट हातोड्याने ठोकून आवळायचा. १९०७ च्या जूनमध्ये ब्रुकलँड्सच्या नव्या शर्यतमार्गावर सेल्विन एजने नेपियर गाडी २४ तास एकट्याने चालवून १,५८१ मैल तोडले. त्या गाडीला ही सुटी चाके होती. तरीही १९०८ च्या फ्रेंच ग्रां प्रीत संयोजकांनी सुट्या चाकांना बंदी केली. सुटी कडी चालेल, सुटे चाक चालणार नाही! नेपियर मंडळींनी रागावून भागच घेतला नाही. आज आपल्याला हे हास्यास्पद वाटते. पण गाडीचे चाक काढता-घालता येते ही कल्पनाच त्या काळच्या जाणत्या माणसांना धास्तीची वाटत असली, तर त्यांना अगदीच वेड्यात काढू नये. जे सुटते ते केव्हाही सुटू शकते, एवढे त्यांना कळत होते.

त्यानंतर दाबलेल्या पोलादी पत्र्याची चाके आली. इंग्लंडात बिल्स्टनच्या सँकी कारखान्याने या कामी पुढाकार घेतला. हबावर वर्तुळात चार, पाच किंवा सहा बोल्ट, चाकाला तितकीच छिद्रे, आणि वरून नट, ही रीत हळूहळू रूढ झाली. सगळीकडे ती एकदम आली नाही. फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडीला पुष्कळ वर्षे लाकडी आऱ्यांची न निघणारी चाके होती. सुटी कडी तिला मिळाली ती १९१९ मध्ये.

नट-बोल्टाच्या या रिवाजातली खुबी नीट समजून घेतली पाहिजे. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांनी ती मुलांना अवश्य दाखवावी. सर्वसाधारण माणसाची समजूत अशी, की चाक बोल्टांवर टांगलेले असते, जसा खुंटीवर सदरा. ते तसे नसते. नट आवळला की बोल्ट रबरासारखा किंचित ताणला जातो आणि ताणलेला बोल्ट चाकाला हबवर दाबून धरतो. १२ मिलिमीटर जाडीच्या बोल्टावर पान्याने १० किलोग्रॅम-मीटरच्या आसपास पीळ दिला, तर तो एकटा सुमारे ४ टनांनी दाबतो. असे चार-पाच बोल्ट मिळून जो दाब येतो, त्याने चाक आणि हब यांच्या सपाट तोंडांत घर्षण निर्माण होते, आणि गाडीचा भार ते घर्षण पेलते. बोल्टाने फक्त ताण धरायचा असतो. नटाचे तोंड निमुळते असते ते चाक छिद्रात बरोबर मधोमध बसावे म्हणून.

नट ढिला झाला की सगळा हिशेब उलटतो. दाब गेला, घर्षण गेले, आणि चाक खरोखरीच बोल्टांवर लोंबकळू लागले. मग प्रत्येक फेऱ्याला बोल्ट एकदा इकडे, एकदा तिकडे वाकतो. मोटारीच्या चाकाचा घेर १.९ मीटर धरला, तर एका किलोमीटरला पाचशेवर फेरे होतात आणि १०० किलोमीटरांत पन्नास हजारांवर. तार पुढेमागे वाकवून तोडताना तुम्ही बघितलीच असेल. बोल्टही तसाच तुटतो. एक तुटला की उरलेल्यांवर भार वाढतो आणि ते भराभर जातात.

जुन्या काळच्या कारखानदारांना या ढिलेपणाची इतकी धास्ती होती, की कित्येकांनी गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे पाडले. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप घ्या. तिच्या डाव्या चाकांचे नट उलटे फिरवून सोडावे लागत. युद्धानंतर त्याच घराण्याच्या जीपा मुंबईत महिंद्रांनी जोडायला घेतल्या आणि त्या आपल्या खेडोपाडी पोचल्या. ज्यांनी उलट्या आट्यांशी जन्मात गाठ घेतली नव्हती, त्यांनी डाव्या चाकाशी झटापट करून बोल्टच पिळून तोडावेत, यात नवल नव्हते.

प्रत्येक कारखान्याने बोल्टांची मांडणी मात्र आपापल्या मर्जीने केली. जीपला पाच बोल्ट, आणि त्यांचे वर्तुळ साडेपाच इंच व्यासाचे, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. दुसऱ्या कुणाचे वर्तुळ ११४.३, कुणाचे १००, कुणाचे ९८. आपल्याकडेसुद्धा कुर्ल्याची फियाट, उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर आणि जीप या रस्त्यांवर शेजारी शेजारी धावत. एकीचे चाक दुसरीला बसण्याची सोय नव्हती. त्यामागे कपट होते असे नाही. ज्याने त्याने आपल्या गाडीचे वजन बघून आखणी केली, आणि एकदा साचे तयार झाले की ते बदलणे परवडत नाही.

ही अडचण खरी जाणवली ती अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धानंतर. दक्षिण कॅलिफोर्नियात कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळांवर जुन्या गाड्या दामटण्याचा नाद तरुणांना युद्धापूर्वीच लागला होता. युद्धानंतर सैन्यातून परतलेल्या, यंत्रे हाताळलेल्या पोरांनी तो वाढवला. शर्यतीच्या गाड्यांसाठी टेड हॅलिब्रँडने मॅग्नेशियमची हलकी ओतीव चाके केली. आपल्याकडे ‘मॅग व्हील’ हा शब्द अजून ऐकू येतो तो त्या मॅग्नेशियमवरून. आजचे तसे चाक बहुधा ॲल्युमिनियमचे असते, ती गोष्ट निराळी. १९५६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘अमेरिकन रेसिंग’ ही चाकांची कंपनी निघाली, आणि पाहता पाहता शर्यतीचे चाक घरगुती गाडीची हौस बनले.

इथे व्यापाराचा प्रश्न उभा राहिला. गाड्या शंभर तऱ्हांच्या. दुकानदाराने किती तऱ्हांची चाके भरून ठेवायची? एक उत्तर म्हणून लांबट छिद्रांची चाके निघाली. त्यांना ‘युनिलग’ म्हणत. छिद्रांत निरनिराळे वायसर घालून एकच चाक दोन-तीन मांडण्यांवर बसवता येई. दुसरे उत्तर म्हणजे आपली चकती.

तिचे एक ठळक उदाहरण सांगतो. फोक्सवॅगनच्या बीटल गाडीला बरीच वर्षे २०५ मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट होते. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ती मांडणी बदलून १३० च्या वर्तुळावर चार बोल्ट आले. त्याच सुमारास पोर्शे कंपनीने आपल्या ९११ गाडीसाठी फुक्स कारखान्याची घडीव ॲल्युमिनियमची चाके आणली. त्यांची मांडणी १३० च्याच वर्तुळावर, पण बोल्ट पाच. म्हणजे वर्तुळ एक आणि छिद्रे निराळी! कॅलिफोर्नियातल्या हौशी मंडळींना बीटलच्या अंगावर पोर्शेचे दागिने हवे होते. मग चार छिद्रांनी हबाला जखडायची आणि अंगावर पाच बोल्ट मिरवणारी जाड चकती आली. गरिबाच्या गाडीला श्रीमंताची चाके लागली.

अशा चकतीने नेमके काय बदलते? पहिली गोष्ट भाराची. हबाच्या बेअरिंगची आखणी करताना कारखान्याने धरलेले असते, की चाकाचा भार अमुक रेषेत येणार. चकतीने ती रेषा बाहेर सरकते. पाण्याने भरलेली बादली कोपर अंगाशी ठेवून धरा, आणि मग तीच हात लांब करून धरा. बादली तेवढीच, पण खांदा बोलायला लागतो. एका चाकावर ४०० किलो भार धरला आणि चाक २५ मिलिमीटर, म्हणजे इंचभर, बाहेर काढले, तर बेअरिंगवर १० किलोग्रॅम-मीटरचा जादा पीळ कायमचा बसला. वळणावर बाजूने येणारा जोर याच्या कितीतरी पट असतो, तेव्हा एवढ्याने हब तुटेल असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण वळण संपते आणि हा पीळ संपत नाही. बेअरिंग लवकर झिजते. पुढच्या चाकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. चाक वळण्याच्या अक्षापासून दूर गेल्याने खड्ड्यात आदळले की सुकाणू हातात झटका मारते, आणि एकाच चाकाचा ब्रेक जास्त धरला तर गाडी त्या बाजूला ओढते.

दुसरी गोष्ट आट्यांची, आणि ती अधिक धोक्याची आहे. पातळ चकती पुष्कळदा मूळच्याच बोल्टांवर नुसती सरकवून देतात. दहा मिलिमीटरची चकती घातली की बोल्टाची दहा मिलिमीटर लांबी तिच्या पोटात गेली. नटाला पकडायला राहिले काय? साधारण नियम असा, की बोल्ट जितका जाड, निदान तितक्या लांबीवर नट चढला पाहिजे. १२ मिलिमीटरचा बोल्ट आणि दीड मिलिमीटरचे आटे असतील तर आठ पूर्ण फेरे. चार फेऱ्यांतही नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पाना कुरकुरतो, गिऱ्हाईक समाधानाने पैसे देते. आटे सोलवटून निघतात ते पुढे, घाटात.

तिसरी गोष्ट मघाच्या खिळीची. ॲडॅप्टरमध्ये सांधे दोन होतात. चकती हबाला आवळलेली असते आणि चाक चकतीला. बाहेरचे नट दिसतात, पण आतले नट चाकाखाली झाकून जातात. ते ढिले झाले तर चाक उतरवल्याशिवाय कळायला मार्ग नाही, आणि गाडीवान वंगण घालताना खिळीला हात लावून बघे तसे बघणे इथे बंद होते. माझ्या मते चकतीविरुद्ध असलेल्या सगळ्या तक्रारींत ही सर्वांत वजनदार आहे. त्यातून तोंडांवर गंज, चिखल किंवा रंगाचा थर राहिला असेल, तर थोड्या प्रवासानंतर तो दबतो आणि घट्ट वाटणारा नट आपोआप सैल पडतो. पुष्कळ गाड्यांच्या हबाला मध्ये एक गोल उंचवटा असतो आणि चाकाचे मधले मोठे भोक त्यावर बसते. जाड चकतीने तो उंचवटा झाकला आणि चकतीला स्वतःचा तसा उंचवटा नसला, तर चाक मधोमध बसवण्याचे काम एकट्या नटांवर येऊन पडते.

एवढे ऐकून चकती ही वस्तूच वाईट, असे कुणी मानू नये. पोर्शे कंपनीने स्वतः आपल्या काही गाड्यांना चकत्या दिल्या आहेत, त्यांच्या मापाच्या लांब बोल्टांसकट. आणि चाक बाहेर काढणे यातही मुळात पाप नाही. शेतकरी मंडळींना ट्रॅक्टरचे उदाहरण जवळचे वाटेल. अमेरिकेत १९२४ मध्ये ‘फार्मॉल’ ट्रॅक्टर निघाला तो ओळींच्या पिकात शिरण्यासाठी. चाके दोन ओळींच्या मधून गेली पाहिजेत, हा त्याचा हेतू. हॅरी फर्ग्युसनचा टीई-२० हा ट्रॅक्टर १९४६ पासून कॉव्हेंट्रीत तयार होऊ लागला. त्याच्या चाकांतले अंतर ४८ इंचांपासून पुढे चार-चार इंचांच्या टप्प्यांनी वाढवता येई. मागची चाके उलटसुलट करून लावायची, की ती आत किंवा बाहेर येत. १९६० मध्ये मद्रासला टॅफे कंपनी स्थापन झाली ती फर्ग्युसनच्याच परंपरेतल्या मॅसी-फर्ग्युसन कंपनीच्या सहकार्याने. कपाशीच्या ओळी वेगळ्या, उसाच्या सऱ्या वेगळ्या. त्याप्रमाणे चाके सरकवायची हे तिथे यंत्राच्या कामातच धरलेले आहे. आस, बेअरिंग, बोल्ट सगळे त्या सर्वांत दूरच्या जागेचा हिशेब करून घडवलेले. मोटारीच्या बाबतीत हा हिशेब कारखान्याने केलेला नसतो आणि दुकानदाराने करावा अशी अपेक्षाही कुणी धरीत नाही. दोन्हींत चाक बाहेर सरकते, पण एकात ते कुणाच्या तरी जबाबदारीवर सरकते.

ही जबाबदारी कुणाची, याचा निकाल लावण्याची पाळी एका प्रांतावर आली. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १९९५ च्या सुमारास ट्रकांची चाके धावता धावता निसटून समोरच्या गाड्यांवर आदळण्याचे प्रकार घडले आणि त्यांत माणसे दगावली. तिथे प्रश्न चकत्यांचा नव्हता, देखभालीचा होता. पण सांधा तोच. १९९७ मध्ये त्या प्रांताने कायदा केला, की व्यापारी वाहनाचे चाक निखळले म्हणजे गुन्हा झाला. आम्ही काळजी घेतली होती, नट तपासले होते, हा बचाव ऐकला जाणार नाही. दंड दोन हजार डॉलरपासून पन्नास हजार डॉलरपर्यंत. कायद्यात असा कडकपणा क्वचित दिसतो.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम या विषयाला लागते. कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, असा त्याचा रोख आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणे लावला. जर्मनीत रीत थोडी निराळी आहे. तिथे चकतीला बंदी नाही, पण ती कोणत्या गाडीसाठी तपासून घेतली आहे याचे कागद लागतात. म्हणजे आतले नट गिऱ्हाइकाला दिसत नसले, तरी ते कुणीतरी आधी बघितलेले असतात.

आपल्या बाजारात मात्र चकती बहुधा कागदाशिवायच मिळते. ज्यांच्या गाडीला ती आधीच लागलेली आहे, त्यांनी एक दिवस चारही चाके उतरवून घ्यावीत. आतले नट पान्याने तपासावेत. तोंडे घासून कोरडी करावीत. बोल्टावर नट किती फेरे चढतो ते मोजावे, आणि आठ भरत नसतील तर ती चकती त्याच दिवशी काढून ठेवावी. मूळ चाके माळ्यावर असतीलच. नट आवळताना एकमेकांसमोरचे घ्यावेत, ओळीने घेऊ नयेत. पुन्हा शंभरेक किलोमीटर गेल्यावर, चाके थंड असताना, आतले आणि बाहेरचे दोन्ही नट एकदा बघावेत. आतल्यांसाठी चाक पुन्हा उतरवावे लागेल, आणि मिस्त्री त्याला कंटाळा करील. तेव्हा जवळ उभे राहून ते करून घ्यावे.